माप कोणाच्या हाती?



कामगार चळवळीने मला एक गोष्ट शिकविली. भांडून दर वाढवून घेता येतो. परंतु काटा आणि हजेरीचे पुस्तक मालकाच्याच ताब्यात राहिले, तर जिंकलेला दरही हातचा जातो. जीवशास्त्राच्या स्वस्त उपकरणांकडे मी याच नजरेने पाहतो.

२०२० च्या मे महिन्यात पुणे, नगर, सातारा भागांत टोमॅटोवर रोग पडला. फळावर रंगांचे चट्टे उठत, म्हणून लोक त्याला 'तिरंगा' म्हणू लागले. नमुने बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि तेथे काकडीच्या मोझॅक विषाणूसह अनेक विषाणू आढळले. याच काळात हा रोग माणसालाही बाधतो, अशी अफवा उठली. नारायणगावचा टोमॅटो बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अशा अफवेचा घोर सांगायला नको. पीक आपले, नुकसान आपले. निदान मात्र शेकडो कोस दूर.

हे अंतर तोडण्याचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणारे आपले मनु प्रकाश यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये कागदाच्या घडीचा सूक्ष्मदर्शक जगापुढे मांडला. त्याच्या साहित्याला एक डॉलरही लागत नाही. २०१७ मध्ये त्यांच्याच गटाने दोऱ्यात ओवून फिरवायच्या पोरांच्या भिंगरीवरून रक्त विलगविण्याचे यंत्र केले. दोऱ्याचा पीळ ओढताच ते मिनिटाला सव्वा लाखापर्यंत फेरे घेते आणि विजेवाचून दीड मिनिटात रक्तातील पेशी व द्रव वेगळे करते. भिंगरी लोकांची, गणित शास्त्रज्ञांचे. दोघे एकत्र आले तेव्हा उपकरण झाले.

आपल्या भागालाही ही वाट नवी नाही. आंबेगावच्या शेजारी शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. खेड्यातली मुले तेथे हाताने काम करीत विज्ञान शिकू लागली. २००२ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी संस्थेच्या सहकार्याने तेथे 'फॅब लॅब' उभी राहिली. आणि स्वस्त म्हणजे हलके, असे ज्यांना वाटते त्यांनी जुन्नर तालुक्यातले खोडद पाहावे. गोविंद स्वरूप यांनी तारेची जाळी पोलादी दोरांवर ताणून ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी कमी खर्चात उभ्या केल्या, आणि जगभरचे शास्त्रज्ञ तेथे निरीक्षणासाठी वेळ मागतात.

तरीही दोन इशारे दिले पाहिजेत. पहिला असा की, कागदी भिंगातून पानावरची बुरशी दिसेल. 'तिरंगा'चा विषाणू दिसणार नाही. म्हणून घरी केलेल्या साधनाचे उत्तर प्रयोगशाळेशी ताडून पाहणारा शास्त्रज्ञ सोबत हवाच. दुसरा इशारा सरकारसाठी आहे. भिंगरी मिळाली म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातला तंत्रज्ञ काढून टाकता येणार नाही. गरिबाला कागदाचे यंत्र आणि श्रीमंताला खरे, अशी वाटणी आम्ही चालू देणार नाही.

मागणी साधी आहे. शाळेत, दूध सोसायटीत, ग्रामपंचायतीत ही साधने यावीत. ती चालवायला गावचीच मुलेमुली शिकावीत. आणि त्यांनी टिपलेले आकडे तपासायला विद्यापीठाने गावात यावे. आपल्या रक्ताचे आणि पिकाचे माप ज्याला स्वतः वाचता येते, त्याला फसविणे कठीण जाते. संघटनेची सुरुवात तेथूनच होते.