रुपयाचा अभ्यास
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत, तरी आज अर्थशास्त्रावर दोन शब्द बोलते. आपल्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतात. पण नोटेची खरी किंमत दुकानात कळते, तिला किती धान्य येते यावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनला हाच विषय घेतला. १९१६ साली ते तेथे गेले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परतले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, आणि १९२० साली पुन्हा गेले. १९२३ साली रुपयावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. सरकारने मनास येईल तितके रुपये काढले तर भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते, असे त्यांचे सांगणे.

त्या वर्षांत मुंबईचा संसार रमाबाईंनी ओढून नेला. तो हिशेब कोणत्या प्रबंधात सापडायचा?

भगिनींनो, हळदीकुंकवाच्या खर्चातून दरवर्षी थोडे बाजूला काढू. अर्थशास्त्रात एम.ए.च्या पुढे शिकू पाहणाऱ्या एका मुलीची फी त्यातून भरू. पैशावाचून तिला अर्ध्यावर परतावे लागू नये.