घरी आल्यानंतरचे दिवस



युनियनच्या माणसाने आजारपणावर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. आम्ही डॉक्टर नाही, शाळाही फारशी शिकलो नाही. परंतु कामगाराच्या घरात कर्करोग शिरला की रजेचा अर्ज आणि पगाराचा हिशेब घेऊन घरची माणसे आमच्याच कचेरीत येतात. म्हणून औषधोपचारांनंतरच्या दिवसांविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहोत.

१९४१ साली परळला, ऐन गिरणगावात, टाटा रुग्णालय उघडले, तेव्हा या रोगाचे नुसते नाव काढले तरी घरात रडारड सुरू होई. आज पुष्कळ रोगी उपचार घेऊन आपल्या पायांनी घरी येतात. पण घरी आला म्हणजे बरा झाला, असे शेजारी समजतात, मुकादम समजतो आणि कर्जाच्या धास्तीने रोगीही तसेच समजू लागतो. खरे पाहता उपचारांचा अर्धा भाग घरातच पार पडायचा असतो.

केमोथेरपीने रोगाबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही घटतात. बहुधा औषध दिल्यापासून सातव्या ते चौदाव्या दिवसांत त्या सर्वांत कमी असतात. या काळात ताप १००.४ अंशांवर गेला, तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. गोळीने ताप उतरेल, पण आतला जंतुसंसर्ग तसाच वाढत राहील. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. म्हणून देव्हाऱ्याइतकाच थर्मामीटर घरात हवा. अन्न ताजे व शिजवलेले असावे, पाणी उकळलेले असावे, आणि हात साबणाने धुतलेले असावेत.

काही घरांत रोग्याचे ताटवाटी वेगळे मांडतात. हा रोग जेवणापाण्यातून किंवा शिवण्यातून लागत नाही. भेटायला येणाऱ्याला रोग्यापासून भय नाही. भय आहे ते पाहुण्याच्या सर्दीपडशाचे रोग्याला. पाहुणा शिंकत असेल तर त्याने दारातूनच विचारपूस करावी.

दुसरी गोष्ट थकव्याची. हा थकवा रात्रभर झोपून जात नाही. कित्येकांना तो महिनोन्‌महिने पुरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज थोडे चालावे, त्याने फायदा होतो. पण अशा माणसाला आळशी म्हणू नये. आणि त्याची पथ्ये सांभाळणारी बायको किंवा आई रात्रपाळीच करीत असते, तिची हजेरी कोणत्याही मस्टरवर लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. विश्रांती घे, असे डॉक्टर सांगतात. पण ती घेण्यासाठी चूल पेटती राहावी लागते. १९४८ च्या कायद्याने आलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणाच्या रजेत वर्षात ९१ दिवस ७० टक्के वेतन मिळते. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, दोन वर्षे सलग विमेदार नोकरी आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील, तर ८० टक्के वेतन दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. हा धर्म नव्हे, कामगाराच्या वर्गणीतून आलेला हक्क आहे. तरीही माहिती नसल्यामुळे लोक मंगळसूत्र गहाण टाकतात, नाहीतर टाके ओले असतानाच कामावर हजर होतात.

आणि ज्यांची वर्गणीच ठेकेदार भरीत नाही, त्यांचे काय? बांधकामावरची बाई, घरकाम करणारी मावशी, नाक्यावरचा हमाल? महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयातला खर्च उचलते, पण घरी पडून राहिल्याने बुडालेला रोज कोण भरून देणार? या प्रश्नावर अजून पुरेसा आवाज उठलेला नाही.

तोवर आपल्या हातचे एवढे करावे. आपल्या आळीत असा कोणी घरी आला असेल, तर त्याच्या विम्याचे कागद पाहून द्या, डॉक्टरचा दाखला मुदतीत पोचवा, एखादी दुपार त्याच्या उशाशी बसा, म्हणजे त्याची बायको तासभर झोपेल. आणि ज्यांच्या हाताखाली माणसे कामाला आहेत, त्यांनी कामावर परतलेल्याला काही महिने हलके काम द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.