बी. ए. की बी. एस्सी.?



पदवीधरांच्या नोकऱ्यांवर बोलण्यासाठी मंडळाने एका सातवी पास माणसाला उभे केले आहे. ते एका परीने बरेच झाले. मला कोणत्याच शाखेचा अभिमान सांभाळायचा नाही. माझे पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. रासायनिक कारखान्यांतील युनियनचे काम मी करतो. तेव्हा फाटकाच्या आतून जे दिसते, ते सांगतो.

दहावीचा निकाल लागला की पालक विचारतात, "सायन्सला घातला म्हणजे नोकरी नक्की ना?" औषधांच्या कारखान्याचे उदाहरण घ्या. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे, उत्पादनावर देखरेख करणारा जाणकार माणूस नेमल्याशिवाय कारखान्याला परवाना मिळत नाही. त्या जागेवर औषधनिर्माणाच्या पदवीधराप्रमाणेच रसायनशास्त्र मुख्य विषय घेतलेला, तीन वर्षे अनुभवाचा बी. एस्सी.ही चालतो. म्हणजे कायद्यानेच त्याच्यासाठी एक खुर्ची मांडून ठेवली आहे. बी. ए.साठी कारखान्यात अशी खुर्ची नाही.

बी. ए.ची दारे म्हणजे शाळा, सरकारी कचेरी आणि स्पर्धा परीक्षा. पण ही दारे काही त्याच्या एकट्याची नाहीत. राज्यसेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. त्या रांगेत बी. एस्सी. उभा असतो, इंजिनियरही उभा असतो. विज्ञानवाला कलावाल्याच्या रांगेत शिरू शकतो, कलावाल्याला प्रयोगशाळेच्या रांगेत कोणी घेत नाही. दोन पदव्यांत बाजारभावाचा फरक असेल तर तो मुख्यतः हा. त्यात भर गर्दीची. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाप्रमाणे पदवीच्या दर शंभर विद्यार्थ्यांत ३४ कला शाखेत होते, विज्ञानात १५. शाळेत मात्र दोघे पुन्हा एकाच बाकावर येतात. शिक्षणसेवक म्हणून माध्यमिक शाळेत लागलेल्याचे मानधन २०२३ पासून १८,००० रुपये झाले. मग तो मराठी शिकवो की भौतिकशास्त्र.

आता त्या राखीव खुर्चीकडे पुन्हा पाहू. खुर्ची एक, उमेदवार पन्नास, आणि अट तीन वर्षांच्या अनुभवाची. तो अनुभव मिळवायला मुलगा 'ट्रेनी' म्हणून लागतो. एक वर्षाचे पत्र, मग पुन्हा एक वर्षाचे पत्र. नमुने काढणे, तपासणे, नोंदवहीत लिहिणे, रात्रपाळी करणे, सगळे कायम माणसासारखेच. पगाराच्या दिवशी तेवढा तो शिकाऊ. आणि त्याच्या पत्रावर हुद्दा काय? 'ऑफिसर'! आईवडील पेढे वाटतात. मी ते पत्र वाचतो आणि मला कळते की मुलाला युनियनपासून दूर ठेवण्याची सोय झाली.

हे नीट समजून घ्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तांत्रिक काम करणारा माणूसही कामगारच धरला होता. त्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिनेही हे कायम ठेवले आहे. पगाराची मर्यादा आहे ती देखरेख करणाऱ्याला, पूर्वी १०,००० आणि आता १८,००० रुपये. हुद्द्याचे नाव पाहू नका, प्रत्यक्ष काम पाहा, असे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे. स्वतः परीक्षानळी हातात धरून आठ तास उभा राहणारा मुलगा कोणावर देखरेख करतो? नळीवर?

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात एक आकडा आहे. पंचवीस वर्षांखालील पदवीधरांत बेकारीचे प्रमाण ४२ टक्क्यांवर, आणि पस्तिशी ओलांडलेल्यांत पाच टक्क्यांच्या आत. काही विद्वान म्हणतील, पाहा, शेवटी सर्वांना काम मिळतेच. अहो, पस्तिशीपर्यंत घरी बसणे परवडते कोणाला? माणूस मिळेल ते धरतो. बी. ए. दुकानात हिशेब लिहितो, बी. एस्सी. पिशवी घेऊन औषधे खपवत हिंडतो. त्या पाच टक्क्यांत कोणाची पदवी कामी आली आणि कोणाची पेटीत राहिली, हे दिसत नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे. मुलाला रसायनाची गोडी असेल तर खुशाल विज्ञानाला घाला, पण पदवीबरोबर यंत्रावर हात बसला पाहिजे. नुसती पाठ केलेली बी. एस्सी. बी. ए.च्या फार पुढे जात नाही. मुलगी इतिहासात रमत असेल तर तिला ओढून प्रयोगशाळेत नेऊ नका. मात्र परीक्षेच्या तयारीला किती वर्षे द्यायची, ते आधी घरात बसून ठरवा. आणि नोकरी लागली की कोणत्याही शाखेचा असो, सहीपूर्वी पत्र वाचा. मुदत किती, कायम केव्हा करणार, भविष्यनिर्वाह निधी कोणत्या महिन्यापासून, पगार देणारा कारखाना की ठेकेदार?

आज सभेला येताना कोणी अशी पत्रे बरोबर आणली असतील, तर प्रश्नोत्तरांनंतर मी इथेच थांबणार आहे. चष्मा आणला आहे.