कावा लोहाराचे निशाण
इ.स. 651 मध्ये इराणचे सासानी साम्राज्य संपले. पुढे इराणने इस्लाम स्वीकारला, लिपीही अरबी घेतली. भाषा मात्र फारसीच राहिली. या टिकून राहण्यात जुन्या पुराणकथांचा वाटा मोठा. खोरासानातल्या तूसचा कवी फिर्दौसी याने त्या ‘शाहनामा’त गुंफल्या. सुमारे 50,000 द्विपदींचे हे काव्य 1010 च्या सुमारास पूर्ण झाले.

त्यातली कावा लोहाराची कथा विशेष. जह्हाक राजाच्या खांद्यांवर दोन साप उगवलेले, आणि त्यांना रोज माणसांचा मेंदू लागतो. कावाचे मुलगे असेच बळी गेलेले असतात. उरलेल्या एकावर पाळी येते, तेव्हा कावा भर दरबारात जाब विचारतो, कामाचे कातडे भाल्याला बांधतो आणि लोकांना उठवतो. शेवटी कथेतला वीर फरीदून जह्हाकला दमावंद पर्वतात जखडून टाकतो. सासानी राजध्वज याच कातड्यातून आला, अशी परंपरा आहे. राजघराण्याने आपले निशाण एका कारागिराच्या बंडाशी जोडावे, हे नवलच!

कथेने इतिहासावरही मात केली. पर्सेपोलिस ही प्राचीन राजनगरी उभारायला घेतली सम्राट दारयवहूने, पण इराणी माणूस तिला ‘तख्त-ए-जमशीद’ म्हणतो, पौराणिक राजाच्या नावाने. नवरोज हा नववर्षाचा सणही जमशीदनेच सुरू केला, असे मानतात. मुंबईच्या पारशांमधली रुस्तम, सोहराब, फरेदून ही नावे याच कथांतली.

निरक्षरांपर्यंत या कथा नेल्या त्या चहाखान्यांतल्या कथेकऱ्यांनी. त्यांच्या ‘नक्काली’ या कलेची नोंद युनेस्कोने 2011 मध्ये तातडीने जतन करायच्या वारशात केली.