वटवाघूळ कोणत्या खणात?



‘सजीवांचे वर्गीकरण’ हा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो, यात मुलांचा दोष नाही. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही सात नावे ओळीने पाठ करून घेतली की शिकविणारा आणि शिकणारा दोघेही सुटतात. पण प्रत्येक प्राण्याची जागा कोणीतरी, कशावरून तरी ठरविलेली असते, आणि ती चुकली तर भुर्दंड त्या मुक्या जिवाला पडतो, हे सांगायचे राहून जाते. म्हणून आज एकाच प्राण्याविषयी बोलणार आहे. आपल्या घरांतून त्याला चमगादड म्हणतात, शाळेत तेच वटवाघूळ होते.

आपल्या राजगुरुनगरात दिवेलागणीला भीमेच्या काठी उभे राहा आणि उंबराकडे झेपावणाऱ्या वटवाघळाकडे बोट दाखवून एखाद्या मुलाला विचारा, हा कोण? उत्तर येईल, पक्षी. का? तर तो उडतो. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नका. इसवी सनाच्या नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिझ या थोर विद्वानाने ‘किताबुल हयवान’ हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. चालणारे, उडणारे, पोहणारे आणि सरपटणारे असे प्राण्यांचे चार गट त्याने केले. वटवाघळाला पिसे नाहीत, ते पिलांना जन्म देते, दूध पाजते, त्याला कान आहेत, दात आहेत, हे सर्व त्याने नोंदविले. उलट शहामृगाला पिसे, चोच, पंख, अंडी सारे असूनही लोक त्याला पक्ष्यांत धरीत नाहीत, हेही त्याला दिसले. लोकव्यवहारातली गटवारी आणि अंगाची ठेवण यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट त्याने अकराशे वर्षांपूर्वी हेरली होती. माझ्या मते वर्गीकरणाचा धडा इथून सुरू व्हायला हवा.

पुढे स्वीडनच्या लिनियसने प्रत्येक जीवाला प्रजाती आणि जाती असे दोन पदांचे नाव देण्याची रीत रूढ केली. १७५८ च्या आवृत्तीत त्याने वटवाघळाला पक्ष्यांतून नव्हे, तर थेट माणूस आणि माकड यांच्या गणात बसविले! आज त्याचा गण वेगळा आहे. त्याचा पंख म्हणजे वास्तविक हात आहे. लांबलचक झालेल्या बोटांच्या हाडांवर कातडे ताणलेले असते. अंगावर केस आहेत, मादी पिलाला दूध पाजते; तेव्हा वर्ग सस्तन प्राण्यांचा. उडणे हे काम झाले, नाते नव्हे. फुलपाखरूही उडतेच की!

आता मुंबईकडे वळू. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत प्राण्यांचे नमुने खणांतून जपून ठेवलेले आहेत. लहानपणी सलीम अली पिवळ्या गळ्याची एक चिमणी ओळखून घ्यायला तेथेच गेले, आणि मिलार्डसाहेबांनी खणामागून खण उघडून त्यांना पक्षी दाखविले. त्या मुलाचा पुढे केवढा पक्षितज्ज्ञ झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. याच संग्रहात १९४८ साली दक्षिणेत मदुराईजवळच्या डोंगरात पकडलेले एक वटवाघूळ होते. आखूड नाकाचे नेहमीचे फळखाऊ वटवाघूळ, असा शिक्का मारून ते ठेवून दिलेले. थायलंडचे शास्त्रज्ञ किट्टी थाँगलाँग्या यांनी ते बारकाईने तपासले. नेहमीच्या जातीला आखूड शेपूट असते, याला मुळीच नव्हते. तिला खालच्या जबड्यात पुढच्या दातांच्या दोन जोड्या, याला एकच. म्हणजे जातच नव्हे, प्रजातीसुद्धा निराळी! १९७२ साली त्यांनी नाव दिले लॅटिडेन्स सलीमअली. लॅटिडेन्स म्हणजे रुंद दातांचे, आणि दुसरे पद आपल्या सलीम अलींच्या सन्मानार्थ. चोवीस वर्षे ते चुकीच्या नावाखाली पडून होते.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. योगायोग असा, की त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि त्यात फळखाऊ वटवाघळे सरसकट उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत, कावळ्या-उंदरांच्या पंक्तीत बसविली गेली. त्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारायला बंदी नव्हती. सलीम अलींच्या नावाच्या जातीला मात्र पुढे पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीने, पूर्ण संरक्षण मिळाले. दातांची जोडी कोणी मोजली नसती, तर हे दुर्मिळ जनावर उपद्रवी म्हणूनच मोजले गेले असते. १९९३ साली ते दक्षिणेतल्या डोंगरात पुन्हा सापडले.

आपल्याकडच्या साध्या फळखाऊ वटवाघळांना आणखी बरीच वर्षे थांबावे लागले. उंबराचे, वडाचे बी लांबवर नेऊन टाकणारा हा प्राणी बागाइतदाराच्या चार फळांपायी गुन्हेगार ठरला होता. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची ती अनुसूचीच कायद्यातून गेली.