रक्ताची खूण आडनावावर नसते



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत सिकलसेलचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "हा आपल्या आदिवासींचाच आजार. तपासून काय करायचं, सगळ्यांना असेलच." दुसरी म्हणाली, "आमच्यात नाही तो, त्यांच्यात आहे." दोघींचंही चुकत होतं. कसं, ते आज सांगते.

रानात सगळ्यांच्या शेळ्या एकत्र चरतात. कानावरची खूण बघून आपण कोणाची कोणती ते ओळखतो. त्या खुणेनं दूध वाढत नाही की आटत नाही, ती फक्त ओळख सांगते. आपल्या शरीरातल्या डीएनएमध्येही अशा खुणा असतात, त्यांना जनुकीय खुणा म्हणतात. कोणती खूण कोणत्या लोकांत किती जणांना आहे हे मोजून शास्त्रज्ञ माणसामाणसांतला फरक काढतात.

१९७२ साली रिचर्ड लेवोंटिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने जगभरातल्या लोकांचे रक्तगट आणि रक्तातली प्रथिनं घेऊन अशी मोजदाद केली. माणसांतला सुमारे ८५ टक्के फरक एकेका लोकसमूहाच्या आतच निघाला. समूहासमूहांतला फरक त्यामानाने थोडा.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. या जनुकाच्या आजूबाजूच्या खुणाही तपासल्या गेल्या. भारतात त्यांची जी मांडणी मुख्यतः दिसते, तीच अरबस्तानाच्या पूर्व भागात दिसते. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी मांडणी निराळी आहे. जिथे हिवताप फार, तिथे हे जनुक टिकलं, कारण वाहकाला गंभीर हिवतापापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणजे हा कोणाचा शाप नाही आणि कोणाचा कमीपणाही नाही.

काही समाजांत हे जनुक जास्त आढळतं, हे खरं. म्हणून तिथे तपासणी आधी होते. पण समाजावरून फक्त शक्यता कळते, तुमचं रक्त कळत नाही. एकाच आईच्या लेकरांत एक वाहक असतं, दुसरं नसतं.

वाहकाला सहसा त्रास होत नाही. मात्र आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण मोकळं असण्याची चारात एक.

१ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी धरली आहे. तुमच्या आशाताईंना विचारा.

बैठकीतल्या त्या दोघी एकत्रच जाऊन रक्त देऊन आल्या. निकाल त्यांच्यापाशी राहू दे.

सोयरीक जुळवताना आपण गाव विचारतो, कूळ विचारतो. आता रक्ताचा कागदही विचारू या. आणि मुलीचाच नाही, मुलाचाही.