चरबीतली हार्मोन्स आणि तापाची साथ

भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला रुग्ण आपल्या हैदराबादेतच सापडला, मे २००९ मध्ये. लठ्ठ माणसांत हा आजार जास्त बळावतो, हे जगभरच्या डॉक्टरांच्या त्याच साथीत लक्षात आलं. कोविडमध्ये ते पुन्हा दिसलं.

चरबी नुसती साठून राहत नाही, ती हार्मोन्सही तयार करते. त्यातलं लेप्टिन १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना चिथावत राहतं. दाह शमवणारं ॲडिपोनेक्टिन मात्र घटतं. म्हणजे विषाणू शिरण्याआधीच अंगात दाह धुमसत असतो. मग फुफ्फुसांची सूज आवरणं अवघड जातं. शिवाय सुटलेलं पोट छातीखालचा पडदा वर ढकलतं, श्वास पुरा भरत नाही.

‘मी तर सडपातळ!’ असं म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं उदाहरण ऐकावंच. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. आपल्या लोकांत वजनकाटा फसवतो, तो असा.

म्हणून कंबर मोजा. सुलतान बाजारात कुठल्याही शिंप्याकडे टेप मिळेल. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या पुढे घेर असेल, तर साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तापात धाप लागली, तर घरी थांबू नका.